मूठभर अक्षता

लग्नाला चार दिवस राहिले होते आणि नीलिमाने सकाळपासून तिसऱ्यांदा गराजमधल्या डीप फ्रीझरचं झाकण उघडलं. मटार, खवलेलं ओलं खोबरं आणि बारामंडी माशाचे तुकडे यांच्या मधोमध दोनशे वीस क्रोशाची फुलं, दोन क्रोशाचे हार आणि एक अंतरपाट प्लास्टिकच्या पिशव्यांत करकचून बांधलेले सतरा दिवस गारठत पडले होते. मुलीच्या लग्नाचं सामान माशांच्या शेजारी ठेवलंय, असं पुण्यात कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी तो बर्फ आधी तुझ्या डोक्यावर ठेव म्हटलं असतं.

पण म्युझियमची अटच तशी होती. ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या दक्षिणेला, नीलिमाच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर एक जुनी प्राथमिक शाळा आहे. शाळा कधीच बंद पडली. तिच्या तीन खोल्यांत आणि एका लाकडी हॉलमध्ये आता गावाचं म्युझियम आहे. खाणकामगारांचे दिवे, टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड, पोलादाच्या कारखान्यात आलेल्या देशोदेशीच्या लोकांच्या ट्रंका असा सगळा संसार तिथे मांडलेला. नीलिमाची एकुलती एक मुलगी कादंबरी तिथे नोकरीला आहे. जुन्या वस्तूंची निगा राखणं हे तिचं काम. सलिलशी लग्न ठरलं तेव्हा गिरावीनचा बॅंक्वेट हॉल, समुद्रकाठचं रिसॉर्ट असे सगळे पर्याय बघून झाल्यावर ती म्हणाली, "मी इथेच मोठी झाले. मला माझ्या म्युझियममध्ये लग्न करायचंय. आणि सगळं हाताने केलेलं हवं."

सगळ्यांना कल्पना फार आवडली. नीलिमालाही आवडली. मग अटींचा कागद आला. आत विस्तव नाही. खरी फुलं नाहीत, कारण फुलांतून किडे येतात. कापडाची प्रत्येक वस्तू आधी दोन आठवडे गोठवलेली हवी, म्हणजे कसर असेल तर मरेल. आणि शेवटची ओळ: तांदूळ, धान्य, पाकळ्या यांतलं काहीही उधळायचं नाही.

विस्तवाचं जमलं. होम आदल्या दिवशी गिरावीनला, सलिलच्या बॅकयार्डात उरकायचं ठरलं. फुलांचंही जमलं. लोकरीला कसर लागते म्हणून सुती दोरा आणला, आणि क्वेकर्स हिलच्या ओळखीतल्या सात बायका दर रविवारी दुपारी कॉलवर बसून क्रोशाची फुलं विणायला लागल्या. पाहुण्यांनी तांदळाऐवजी हीच फुलं वधूवरांवर टाकायची, अशी कादंबरीची योजना होती. अंतरपाट नीलिमाने स्वतः शिवला. कादंबरीची झबली, शाळेचा हिरवा युनिफॉर्म, सलिलच्या आईने पाठवलेले त्याचे लहानपणचे शर्ट, सगळ्याचे चौकोन जोडून. अडलं ते एका अक्षतांवर, आणि अडलं ते एकट्या नीलिमाचं.

बारामंडीच्या मागे, तळाशी, एक आइस्क्रीमचा रिकामा डबा होता. त्यात तीन मुठी तांदूळ होते. एकेक अखंड दाणा निवडून, हळदकुंकू लावून, सावलीत वाळवून ठेवलेले. हेसुद्धा सतरा दिवस गोठले होते. नीलिमाचा हिशेब सरळ होता. किडे मरण्यासाठीच गोठवायचं ना? मग मेले. कापड चालतं तर तांदूळ का चालू नये?

हा हिशेब तिने अजून कुणाला सांगितला नव्हता. म्हणून तर ती दर दोन तासांनी झाकण उघडून डबा जागेवर आहे ना हे बघत होती.

*

बुधवारी पुण्याहून तिची थोरली बहीण कांताताई आली. विमानतळावर दाराबाहेर आली तीच रडवेली.

"नेले गं. अक्षता नेल्या त्यांनी."

कुलदेवतेच्या पायाशी ठेवलेले पावशेर तांदूळ कांताताईने बॅगेत वर, चटकन हाताशी येतील असे ठेवले होते. कस्टम्सच्या फॉर्मवर प्रामाणिकपणे खूण केली. अधिकारी पोरगेलासाच होता. अत्यंत नम्रपणे त्याने ती पुडी घेतली, सॉरी म्हणाला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"मी त्याला म्हटलं, बाबा रे, हे खायचे नाहीत, डोक्यावर टाकायचेत. तर तो म्हणाला, नो वरीज, कॉंग्रॅच्युलेशन्स."

गुरुदत्त गाडी चालवत होता. नीलिमाचा हा नवरा पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात तीस वर्षं सेफ्टीचं काम करत आलेला. नियम म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "एक भुंगेरा आला की इथली अख्खी शेती बसते."

मागच्या सीटवर दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. वॉलॉंगॉंग येईपर्यंत नीलिमाने सीटबेल्टचा पट्टा चार वेळा ओढून सारखा केला. कुलदेवतेच्या गेल्या. आता उरल्या त्या फक्त बारामंडीमागच्या.

*

गुरुवारी संध्याकाळी कादंबरी फुलं न्यायला आली. नीलिमा स्वयंपाकघरात कांताताईला चहा देत होती, आणि गराजमध्ये फ्रीझरचं झाकण उघडल्याचा आवाज तिने ऐकला. ती कप तसाच ठेवून धावली, पण उशीर झाला होता. कादंबरी आइस्क्रीमचा डबा उघडून उभी होती.

"आई, व्हॉट इज धिस?"

"गोठवलेत मी. एकोणीस दिवस. तुझ्या कापडांसारखेच."

"आई!" कादंबरीने डोळे मिटले, मग उघडले. "इट्स नॉट अबाउट दॅट. त्यातले किडे मेलेत, ओके. पण हॉलची फ्लोअर बघितलीयेस ना तू? शंभर वर्षांच्या फळ्या आहेत, मध्ये बोटभर गॅप्स. तांदूळ आत गेला की कुणी काढू शकत नाही. मग बाहेरचे किडे तो खायला येणार. आणि तांदूळ संपला की ते बाकीचं खाणार."

"एवढ्याशा तांदळाने?"

"एका बाहुलीने झालं होतं."

ते नीलिमाला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी म्युझियमला जुनी बाहुली दिली, तिच्या पोटात कोंडा भरलेला होता. त्यातून किडे निघाले आणि दोन कपाटं खाऊन गेले. म्युझियमची अध्यक्ष ग्लेनिस, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिच्या आईचा लग्नाचा झगा त्यातच होता. झग्याची चाळणी झाली. कादंबरीने सात महिने ब्रश घेऊन एकेक फट साफ केली होती, आणि त्या सात महिन्यांमुळेच तिला ही नोकरी मिळाली होती. लग्नाला हॉल द्यायचा की नाही यावर कमिटीत मतदान झालं तेव्हा एका मताने परवानगी मिळाली, आणि ते मत ग्लेनिसचं होतं.

"मग बाहेर लॉनवर टाक ना," कादंबरी समजुतीच्या सुरात म्हणाली. "सगळं झाल्यावर. आय वोन्ट माइंड."

"अंतरपाट सरताना पडतात त्या अक्षता. नंतर टाकले ते नुसते तांदूळ."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात कशाला लिहायला हवं? रीत आहे ती."

"आई, रीत अशी पण आहे ना, की लग्न लागताना मुलीची आई बघत नाही, तुळशीला पाणी घालत बसते? ती तूच कॅन्सल केलीस. म्हणालीस, मी पहिल्या रांगेत उभी राहणार. तेव्हा रीत कुठे गेली होती?"

कांताताई दारात येऊन उभी होती, तिला हसू आवरेना.  पोरगी वकील व्हायची ती चुकून म्युझियमवाली झाली होती.

"प्रॉमिस कर मला," कादंबरी म्हणाली. तिचा आवाज आता रागाचा नव्हता, थकलेला होता. "आई, ग्लेनिसने माझ्या भरवशावर मत दिलंय. मला त्या दिवशी काही टेन्शन नकोय. तू प्रॉमिस कर, आणि मी पुन्हा विचारणार नाही."

"केलं प्रॉमिस."

"डबा मी नेते."

"ने."

कादंबरी फुलांच्या पिशव्या आणि डबा घेऊन गेली. नीलिमा उघड्या फ्रीझरसमोर उभी राहिली. गार वाफ तिच्या हातांवर येत होती आणि आपण आत्ता खरं बोललो की खोटं हे तिचं तिलाच ठरवता येईना.

*

शनिवारी पहाटे साडेचारला तिला जाग आली ती आलीच. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. ती उठून आंघोळ करून आली, पैठणी इस्त्रीच्या टेबलावर पसरली, घडी केली, पुन्हा पसरली. देवापुढे दिवा लावला. मग स्वयंपाकघरात गेली आणि हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे गेला. तिने मूठभर तांदूळ ताटलीत घेतले, चष्मा लावला आणि तुटके दाणे बाजूला करायला लागली. हळद, कुंकू, पाण्याचे दोन थेंब. पाच मिनिटांचं काम.

हे तर गोठवलेलेसुद्धा नव्हते. ते तिला कळत होतं. कळत असूनही तिने ओलसर दाणे रुमालात घेतले, रुमालाला गाठ मारली आणि पैठणी नेसल्यावर ती गाठ कनवटीला खोचली. टाकीनच असं नाही, ती स्वतःशी म्हणाली. नुसत्या जवळ असू देत. जवळ असायला काय हरकत आहे?

गाडीत कांताताई मागे बसली. गुरुदत्तने सूट घातला होता आणि तो टाय सैल करून, घट्ट करून, पुन्हा सैल करत होता. नीलिमाचा हात सारखा कमरेशी जात होता.

"पोट दुखतंय का तुझं?" गुरुदत्तने विचारलं.

"नाही."

"मग काय आहे? चार दिवस बघतोय. रात्री दहा वेळा कूस बदलतेस. तांदळाचं एवढं काय घेऊन बसलीस, नीलू? पोरगी आनंदात आहे, जावई चांगला आहे, विहीणबाई वीणाताई मंगलाष्टकं म्हणणार आहेत. फुलं टाकायची तांदळाऐवजी. संपलं."

"माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या का कधी?"

तिने हे मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण दोघांनाही ऐकू गेलं. कांताताई मागे खिडकीबाहेर बघायला लागली.

चौऱ्याण्णव साली गुरुदत्तचे ऑस्ट्रेलियाचे कागद झाले तेव्हा त्यांचा साखरपुडा होऊन महिनाच झाला होता. बायकोचं नाव घालायचं तर लग्नाचं सर्टिफिकेट हवं, आणि तेही पंधरा दिवसांत. एका मंगळवारी दुपारी पुण्याच्या रजिस्ट्रार कचेरीत दोन सह्या झाल्या. कांताताई साक्षीदार. नीलिमाच्या अंगावर कॉलेजला नेसायची ती साडी. सगळे म्हणाले, आत्ता कागदापुरतं, पुढच्या वर्षी आलात की साग्रसंगीत करू. आईने पितळी डब्यात अक्षतासुद्धा करून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी गुरुदत्तला रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कादंबरी पोटात होती. त्याच्या पुढच्या वर्षी वडील गेले. मग कोण कशाला बोलतंय? दोन पोरांची आई झालेली बाई बोहल्यावर उभी राहते का, असं आईच एकदा हसून म्हणाली होती, आणि नीलिमाला एकच पोर होतं तरी तिने वाद घातला नव्हता.

"तू कधी बोलली नाहीस," गुरुदत्त म्हणाला.

"काय बोलायचं? आणि तू कधी विचारलंस?"

"मला वाटायचं, तुला असल्या गोष्टींचं काही नाही. तूच सगळ्यांना सांगायचीस, आमचं लग्न वीस मिनिटांत झालं म्हणून. हसून सांगायचीस."

"मग रडून सांगायचं का?" ती म्हणाली. तिला संताप आला होता, गुरुदत्तचा, स्वतःचा, त्या मंगळवारचा. "मला कुणी आशीर्वादच दिला नाही, असं वाटतं मला. एकतीस वर्षं वाटतंय. आपलं बरं चाललंय, तरी वाटतं. तिचं तसं व्हायला नको."

 गुरुदत्त सिग्नलला थांबला, सिग्नल हिरवा झाला तरी थांबूनच राहिला, मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा निघाला.

*

म्युझियमच्या दारात ग्लेनिस उभी होती. फिकट जांभळा ड्रेस, केसांत क्रोशाचं एक फूल, हातात फुलांची परडी आणि शेजारी टेबलावर एक रिकामा ट्रे. प्रत्येक पाहुण्याला ती आधी फूल देत होती आणि मग अगदी ओशाळून विचारत होती की पर्समध्ये तांदूळ किंवा खरी फुलं तर नाहीत ना. ट्रेमध्ये तीन गजरे आणि तांदळाच्या दोन पुड्या आधीच जमा झाल्या होत्या. इतक्या वर्षांची सवय, बायका घरून निघताना सहज पर्समध्ये टाकतात, त्यांनाही कळत नाही. त्या जीभ चावून पुड्या काढून देत होत्या.

नीलिमाने पर्स उघडून पुढे केली. कनवटीची गाठ तिला पोटाशी टोचत होती.

ग्लेनिसने पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. "अगं, तुझी कशाला बघायची, लव्ह? यू आर द मम." तिने नीलिमाच्या हातात फूल ठेवलं, तिचे दोन्ही हात हातांत घेतले. "तुझ्या लेकीने सात महिने गुडघ्यांवर बसून ही जमीन साफ केली. आज ती इथे उभी राहणार. आय कुडन्ट बी हॅपिअर."

नीलिमा थॅंक यू म्हणाली आणि आत गेली. तिला वाटलं, हिने पर्स उपसून काढली असती तर बरं झालं असतं.

हॉल सुंदर दिसत होता. खिडक्यांना कागदाची तोरणं, भिंतीवर जुन्या शाळेच्या मुलांचे फोटो, बोहल्याच्या जागी कादंबरीने स्वतः रंगवलेला पाट. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने उभी होती. चालताना फळ्या करकरत होत्या आणि नीलिमाची नजर वर कुठे जायलाच तयार नव्हती. ती फटी बघत होती. काळ्या, बोटभर रुंद फटी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

प्रणव गुरुजी आले. हे आठवड्याचे पाच दिवस सॉफ्टवेअर लिहितात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. "मावशी, दहा मिनिटं हं," ते म्हणाले. "कुणी बाहेर असेल तर बोलवा." बाहेर कुणी नव्हतं. तरी नीलिमा दारापर्यंत गेली आणि परत आली. पाणी प्यायली. पुन्हा दारापर्यंत गेली.

"उभी राहा गं एका जागी," कांताताई कुजबुजली. "तुझ्याकडे बघून मलाच धाप लागली."

सलिल पाटावर येऊन उभा राहिला. दोन पाहुण्यांनी अंतरपाट धरला. हिरव्या युनिफॉर्मचा चौकोन बरोबर मध्ये आला होता. आणि मग मामाच्या जागी सलिलच्या मित्राचा हात धरून कादंबरी आली. मामा नव्हताच, म्हणून तिने मित्र निवडला होता. मोतिया रंगाची नऊवारी, हातात क्रोशाचा हार. नीलिमाचे डोळे भरून आले. किती लहान दिसतेय ही, तिला वाटलं, आणि किती आपली दिसतेय.

वीणाताईंनी पहिलं मंगलाष्टक उचललं. सलिलच्या आईचा आवाज बारीक होता पण सुरात होता. सावधान, लोक म्हणाले. फुलं मुठींत तयार झाली.

नीलिमाचा हात कनवटीला गेला.

तिने तो नेला नव्हता, तो गेला. बोटांनी गाठ शोधली, सोडवली. रुमाल पदराआड राहिला आणि दाणे मुठीत आले. ग्लेनिसने दिलेलं फूल कधी खाली पडलं हे तिला कळलं नाही. दुसरं मंगलाष्टक. सावधान. मुठीला घाम आला होता. एक मूठ, ती मोजत होती, फक्त एक मूठ, डोक्यावर, केसांत. निम्मे तर पदरावरच राहतील. नंतर मी वेचीन. एकेक वेचीन.

शेजारी गुरुदत्त होता. त्याने खाली पाहिलं, तिच्या मुठीकडे. तिच्या बोटांच्या फटीतून कुंकवाचा ओघळ मनगटापर्यंत आला होता. त्याने एकवार तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान वळवून ग्लेनिस कुठे आहे ते पाहिलं. ती भिंतीशी उभी होती, तिथून तिला नीलिमा सरळ दिसत होती.

आणि ज्याने तीस वर्षांत कारखान्यात एका माणसाला हेल्मेटशिवाय दार ओलांडू दिलं नव्हतं, तो गुरुदत्त एक पाऊल पुढे सरकला, खांदे रुंद करून, आणि ग्लेनिसच्या व नीलिमाच्या मधोमध उभा राहिला.

 त्याचे कान लाल झाले होते. नीलिमाला त्याच्याविषयी इतकं भरून आलं की क्षणभर तिला काही दिसेना. एकतीस वर्षांनी हा माणूस तिच्या अक्षतांसाठी उभा होता.

शेवटचं मंगलाष्टक. वीणाताईंनी आवाज चढवला, मोबाइलवरची सनई तयार झाली. नीलिमाने मूठ छातीशी आणली. सावधान, सगळा हॉल ओरडला, आणि अंतरपाट खाली गेला.

फुलं उडाली. पांढरी, पिवळी, लाल, सगळी फुलं एकदम. सलिल हसत होता, ते हसू त्याने इतका वेळ पडद्यामागे धरून ठेवलं होतं, आणि तो कादंबरीकडे बघत होता.

कादंबरी त्याच्याकडे बघत नव्हती.

ती डावीकडे बघत होती. नीलिमाच्या मुठीकडे. फुलं तिच्या कपाळावर, गालावर आपटत होती, हार हातात तसाच होता, आणि डोळे त्या मुठीवर खिळले होते. त्यांत राग नव्हता. रस्त्यात पोर हात सोडून पळालं की आईच्या डोळ्यांत येते तशी भीती होती. अंतरपाट सरल्यावर जी पहिली नजर नवऱ्याकडे जायची ती नजर आईवर पहारा द्यायला आली होती. पडदा हलायच्याही आधीपासून ती इकडेच बघत असणार, हे नीलिमाला त्या क्षणी कळलं. सगळी मंगलाष्टकं हिने ऐकलीच नाहीत. ही माझ्या हाताकडे बघत उभी होती.

सलिलचं हसू थोडं थांबलं. तोही तिच्या नजरेच्या दिशेने वळायला लागला.

नीलिमाने आजूबाजूला पाहिलं. ठेवायला जागा नव्हती. रुमाल कुठे गेला होता कोण जाणे. तिने मूठ गुरुदत्तच्या सुटाच्या खिशात कोंबली, एकूण एक दाणा आत झटकला, बोटांना चिकटलेलेही खिशाच्या कापडाला घासून काढले. गुरुदत्त दचकला, पण हलला नाही.

मग तिने दोन्ही हात वर केले आणि पंजे उघडून कादंबरीला दाखवले. हे बघ. नाही टाकल्या. काही नाही माझ्याकडे. उजवा तळवा हळदीकुंकवाने लालपिवळा झाला होता, तो लपवण्यासारखा नव्हता आणि तिने लपवला नाही.

कादंबरीने तो तळवा पाहिला. तिला सगळं कळलं. तिने एकदाच मान हलवली, होय म्हणावं तशी, एक खोल श्वास घेतला आणि सलिलकडे वळली. आता ती त्याच्याकडेच बघत होती. तिने हार वर उचलला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सनई सुरू झाली. सगळ्यांची फुलं टाकून झाली होती. नीलिमाच्या हातात टाकायला काहीच उरलं नव्हतं, आणि वर केलेले हात खाली घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नाही.